पंचांचे मानधन : सेवा, वेठ आणि न्याय



या शाळेत ज्यांनी अनेक पिढ्यांना मैदानाची गोडी लावली, त्या क्रीडाशिक्षक गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. मी मराठीचा प्राध्यापक. माझे आयुष्य शब्दांच्या संगतीत गेले. मैदानाशी माझा संबंध आला तो बहुधा हिशेबाच्या वहीतून. कारण महाविद्यालयाच्या क्रीडासमितीत भाषेच्या प्राध्यापकाकडे येणारे काम म्हणजे इतिवृत्त लिहिणे आणि जमाखर्च मांडणे. त्या वह्यांनी माझ्यासमोर जो प्रश्न वारंवार उभा केला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो. स्पर्धेत काम करणाऱ्या पंचांना, गुणलेखकांना आणि वेळाधिकाऱ्यांना मोबदला द्यावा, की त्यांनी खेळाच्या प्रेमापोटी विनामूल्य काम करावे?

प्रश्न लहान वाटेल. पण ग्वाल्हेरसारख्या खेळप्रिय गावात तो लहान नाही. २४ फेब्रुवारी २०१० रोजी येथील कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. तो दिवस आपल्यापैकी अनेकांना लख्ख आठवतो. त्या दिवशी पंच कोण होते, हे किती जणांना आठवते? आठवत नसेल तर ती त्या पंचांच्या कामाला मिळालेली पावतीच आहे. चांगला पंच दिसत नाही आणि जो दिसत नाही त्याचा खर्चही कोणाला दिसत नाही. अडचण येथूनच सुरू होते.

या प्रश्नावर तीन भूमिका ऐकू येतात. पहिली म्हणते, पंचाचे काम ही सेवा आहे, तिला किंमत लावू नये. दुसरी म्हणते, ते कौशल्याचे काम आहे आणि त्याचा रास्त मोबदला मिळालाच पाहिजे. तिसरी भूमिका कोणी उघडपणे मांडत नाही, पण व्यवहारात तीच सर्वाधिक रूढ आहे. ती अशी की, पंचाने विनामूल्य काम तर करावेच, शिवाय पदरचे पैसेही घालावेत. पंचपरीक्षेचे शुल्क त्याने भरायचे, गणवेश आणि शिट्टी त्याने घ्यायची, येण्याजाण्याचे भाडे त्याने सोसायचे. बुद्धिबळात तर जागतिक महासंघ पंचांकडून परवान्याचे शुल्क घेतो. म्हणजे फुकट काम करणारा पंच प्रत्यक्षात काम करण्यासाठी पैसे मोजत असतो.

प्रथम आपल्या शब्दांकडे पाहू. समाज एखाद्या कामाकडे कसा पाहतो, ते त्या कामाच्या मोबदल्याला दिलेल्या नावातून कळते. नोकराला वेतन मिळते, मजुराला मजुरी, पुरोहिताला दक्षिणा, गवयाला आणि कीर्तनकाराला बिदागी, प्रवास करणाऱ्या कारकुनाला भत्ता. मोबदला न देता बळजबरीने करवून घेतलेल्या कामाला आपण वेठ म्हणतो आणि आपखुशीने केलेल्या कामाला श्रमदान. पंचाच्या वाट्याला जो शब्द आला तो ‘मानधन’. हा शब्द मोठा बोलका आहे. संस्कृतात ‘मानधन’ हे विशेषण. मान हेच ज्याचे धन आहे असा मनुष्य, हा त्याचा अर्थ. मराठीत तो शब्द माणसावरून पैशावर आला आणि मानाने दिलेले धन असा त्याचा अर्थ रूढ झाला. आमच्या क्रीडासंस्थांनी मात्र संस्कृत अर्थ सोयीने जवळ केलेला दिसतो. पंचाचे धन म्हणजे मान, तो व्यासपीठावर नारळ देऊन दिला की हिशेब पुरा झाला!

नारळावरून यात्रेतल्या कुस्त्या आठवतात. गावची यात्रा भरते, वर्गणी गोळा होते, लहान पोरांच्या कुस्त्या नारळावर किंवा रेवड्यांवर लागतात आणि शेवटच्या कुस्तीला मोठे इनाम असते. पंच म्हणून आखाड्यात उतरणारे जाणते वस्ताद. त्यांना फेटा बांधला, नारळ दिला की ते संतुष्ट असत. या व्यवस्थेत अन्याय नव्हता. कारण मल्लाचे इनामही बेताचे होते आणि पंच त्याच गावचा होता. पुढे इनामे वाढली, आखाड्याची मॅट झाली, मोटारी बक्षीस म्हणून मिळू लागल्या, चित्रवाणीवर थेट प्रक्षेपण होऊ लागले; अनेक ठिकाणी पंच मात्र नारळावरच राहिला. कुस्ती बदलली आणि पंचाची जागा बदलली नाही, ही विसंगती लक्षात ठेवावी.

‘पंच’ हा शब्दही आपल्याला काही शिकवतो. तो खेळातला नव्हे, न्यायातला आहे. मराठेशाहीत वाद पंचायतीपुढे जाई तेव्हा दोन्ही पक्षांना ‘राजीनामा’ लिहून द्यावा लागे. आज आपण पद सोडताना देतो तो हा राजीनामा नव्हे. पंच जो निर्णय देतील त्याला आम्ही राजी आहोत, असा तो लेख असे. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेतली जाई. या दोन्ही रकमा सरकारात जमा होत. जिंकणाऱ्याने पंचांच्या हातावर ठेवायची ती रक्कम नव्हती. पंचांमुखी परमेश्वर असे म्हणणाऱ्या समाजाने परमेश्वराला नैवेद्य कोणत्या हाताने द्यावा, याचाही विचार केला होता. याच पद्धतीविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात गुणांबरोबर दिरंगाईचा दोषही नोंदवला आहे. आपापला धंदा सोडून दुसऱ्याच्या तंट्यासाठी दिवसच्या दिवस बसणारी माणसे जमवणे तेव्हाही सोपे नसणार. विनामूल्य न्यायाची किंमत कोणीतरी मोजतोच, कधी पंच आपल्या वेळाने, तर कधी वादी आपल्या प्रतीक्षेने.

खेळात विनामूल्यतेची प्रतिष्ठा आली ती एकोणिसाव्या शतकातील युरोपातून. आधुनिक ऑलिंपिकच्या उभारणीत ‘हौशी’ खेळाडूचा आदर्श होता. जो खेळातून पैसा घेतो तो खेळाला बाटवतो, ही त्यामागची समजूत. अमेरिकेच्या जिम थॉर्प यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. पूर्वी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतल्याचे उघड होताच १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली. हा नियम कोणाच्या सोयीचा होता? ज्याच्या घरी पोटापाण्याची चिंता नाही, त्याच्या. पैसा न घेणे हा सद्गुण मानला गेला आणि पैसा असणे ही त्याची न सांगितलेली अट राहिली.

आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. ज्यांचे नाव आपल्या मैदानाला आहे, त्या रूपसिंहांनी १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध एकट्याने १० गोल केले. भारताने तो सामना २४-१ असा जिंकला. हॉकीचे ते हौशी खेळाडू होते. पण त्यांचा चरितार्थ ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यातील नोकरीवर चालत होता. त्यांची हौस दरबारच्या पगाराने जगवली, यात त्यांच्या थोरवीला काहीच उणेपणा येत नाही. उलट खेळाला कोणाचा तरी आधार लागतो, हेच त्यातून सिद्ध होते. पंचांचेही तसेच होते. १९८६ मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील लाहोर कसोटीत व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. त्यांपैकी पिलू रिपोर्टर हे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे नोकर होते. अशा अनेक पंचांना नोकरीच्या ठिकाणी मिळालेली रजा हेच भारतीय खेळाचे फार मोठे, पण कोठेही न नोंदलेले अनुदान होते.

आता विनामूल्य कामाचा हिशेब मांडू. आमच्या वहीत खर्चाचा क्रम साधारण असा असे : मंडप, ध्वनिक्षेपक, चषक, हारतुरे, पाहुण्यांचा चहाफराळ, छपाई आणि अगदी तळाशी ‘पंच वगैरे किरकोळ’. त्या ‘वगैरे’मध्ये काय दडलेले असते ते पाहावे. समजा, १६ संघांची खो-खोची बाद पद्धतीची स्पर्धा आहे. सामने १५ होतील. नेहमीच्या नियमांनी सामना विश्रांतीसह ५५ मिनिटांचा. दोन पंच, एक सरपंच, एक वेळाधिकारी आणि एक गुणलेखक, असे पाच जण प्रत्येक सामन्याला लागतात. म्हणजे संपूर्ण स्पर्धेत मिळून सुमारे ६९ तासांचे काम झाले. तेही उन्हात, उभ्याने आणि क्षणभरही नजर न हलवता. मंडपवाल्याला आपण खेळाचे प्रेम म्हणून मंडप फुकट घाल, असे सांगत नाही. चषकाच्या दुकानदाराकडून सेवाभावाची अपेक्षा करीत नाही. ज्याच्यावाचून स्पर्धा अक्षरशः उभी राहू शकत नाही, त्याच्याच बाबतीत आपल्याला सेवा आठवते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती ही अशी.

विनामूल्यतेचे आणखी दोन परिणाम होतात आणि ते पैशापेक्षा गंभीर आहेत. पहिला परिणाम म्हणजे पंचांचा वर्ग आकुंचित होतो. ज्याला पगारी नोकरी आहे किंवा निवृत्तिवेतन आहे, त्यालाच हे काम परवडते. रोजंदारीवर जाणारा जुना खेळाडू, घर सांभाळून शिकवण्या घेणारी माजी खेळाडू मुलगी, शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरी शोधणारा तरुण, हे सारे बाहेर राहतात. १९५७ मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आपल्याच शहरात आहे. खेळाचे शास्त्र शिकलेली माणसे जेथे घडतात, तेथेच पंचांची वाण भासावी, हे शोभादायक नाही. दुसरा परिणाम असा की, फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. तो उशिरा आला, नियमांचे नवे पुस्तक त्याने वाचले नाही, तरी संयोजक गप्प बसतात. कारण तो उपकार करीत असतो. उपकारकर्त्याची परीक्षा कशी घ्यायची? आणि त्याच्या चुकीची किंमत मोजतो तो वर्षभर सराव केलेला एखादा तेरा वर्षांचा मुलगा.

या विचाराविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप टाळून चालणार नाही. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात रक्तदानाचा विचार मांडला. रक्ताला पैसे दिले की दानाची प्रेरणा मंदावते आणि पैशासाठी आजार लपवणारेही रांगेत येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पंचांनाही हे लागू पडेल, पैशासाठी अपात्र माणसे येतील, अशी शंका कोणी घेतली तर ती निराधार नाही. परंतु दोन्हींत एक भेद आहे. रक्तदात्याला कोणत्याही दोन पक्षांत निवाडा करायचा नसतो. पंचाला तोच करायचा असतो आणि त्यासाठी अभ्यास, सराव व परीक्षा लागते. अपात्रांना रोखण्याचा उपाय पात्रतेची कसोटी हा आहे. सर्वांनाच उपाशी ठेवणे हा नव्हे. आमच्या ग्वाल्हेरात याचे सुंदर उदाहरण आहे. तानसेन समारोहात श्रोत्यांना प्रवेश विनामूल्य असतो. २०२४ मध्ये त्या परंपरेचे शंभरावे वर्ष साजरे झाले. श्रोता फुकट ऐकतो म्हणून कलावंताने फुकट गावे, असे कोणी म्हणत नाही. आणि बिदागी घेतली म्हणून गवयाचा षड्ज ढळत नाही.

खरा धोका मोबदल्यात नाही, तो कोणाच्या हातून मिळतो यात आहे. येथे क्रिकेटचा इतिहास उद्बोधक ठरतो. दीर्घकाळ कसोटी सामन्यांचे पंच यजमान देशाचे मंडळच नेमत असे. पंच प्रामाणिक असले तरी पाहुण्या संघाच्या मनात संशय राही. लाहोरचा १९८६ चा प्रयोग त्या संशयावरचा उपाय होता. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने पंचांचे आंतरराष्ट्रीय मंडल नेमले आणि २००२ मध्ये निवडक पंचांचे श्रेष्ठ मंडल आले. त्यातील पंचांची नेमणूक आणि वेतन या दोन्ही गोष्टी यजमानाच्या हातून निघून परिषदेकडे गेल्या. आपल्या मध्य प्रदेशातील इंदूरचे नितीन मेनन २०२० मध्ये त्या मंडलात निवडले गेले. देशांतर्गत क्रिकेटमध्येही २०२२ मध्ये पंचांच्या श्रेणी ठरवण्यात आल्या आणि प्रथम दर्जाच्या सामन्यांसाठी श्रेणीनुसार दिवसाला ४०,००० आणि ३०,००० रुपये असा दर राहिला. त्याच वर्षी निवृत्त सामनाधिकाऱ्यांच्या मासिक निवृत्तिवेतनातही वाढ झाली. पैसा वाढला म्हणून पंच विकले गेले नाहीत. पण क्रिकेटच्या तिजोरीची बरोबरी इतर खेळ करू शकत नाहीत, हेही खरे. त्यांनी रक्कम नव्हे, पद्धत घ्यावी.

आपल्या मातीतील कबड्डीचेही पाहा. तिच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात ‘हौशी’ हा शब्द होता आणि २०१४ पासून त्याच खेळात लिलावाने खेळाडू घेतले जाऊ लागले. खेळाडूची हौस संपली, प्रायोजक आले, प्रक्षेपण आले. अशा वेळी गल्लीपासून जिल्ह्यापर्यंतच्या पंचाने तेवढे हौशी राहावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येत नाही.

मोबदल्याचा संबंध प्रतिष्ठेशी आणि सुरक्षिततेशीही आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निर्णय न पटल्याने एका नामवंत मल्लाने पंचाला लाथ मारली. पुढे त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय योग्य होता की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. परंतु ज्याच्या अंगावर हात टाकता येतो तो माणूस समाजाच्या लेखी कोणत्या पायरीवर उभा आहे, याचा विचार व्हावा. पैशाने प्रतिष्ठा विकत मिळत नाही हे मान्य. पण करार, ठरलेला दर, विमा आणि तक्रारीची रीतसर सोय असलेला पंच हा संयोजकांचा उपकारकर्ता न राहता स्पर्धेचा अधिकारी होतो.

कायद्याच्या बाजूने एक शब्द. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी महत्त्वाचा निर्णय दिला. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणे हे संविधानाच्या कलम २३ मध्ये निषिद्ध ठरवलेल्या सक्तीच्या श्रमात मोडते, असे न्यायालयाने म्हटले. स्वेच्छेने येणारा पंच वेठबिगार नव्हे; ती तुलना ताणू नये. तरीही खेळाच्या वैभवाखाली कोणाचे श्रम दबले आहेत, हे पाहण्याची दृष्टी त्या निर्णयाने दिली आणि ती आपण मैदानाच्या आतही वळवावी.

मग विनामूल्य सेवेला जागाच नाही काय? आहे आणि ती मोलाची आहे. शाळेच्या दोन वर्गांतील सामना, मोहल्ल्याच्या मुलांचा रविवारचा खेळ, गणेशोत्सवातील घरगुती स्पर्धा, जेथे प्रवेशशुल्क नाही, तिकीट नाही, प्रायोजक नाही आणि रोख इनाम नाही, तेथे पंचाने सेवा करावी आणि आपण ती कृतज्ञतेने घ्यावी. शिक्षकाला शाळेच्या वेळेत, कर्तव्य म्हणून पाठवले असेल तर त्याला पगार मिळतच असतो. त्याला प्रवास आणि भोजनाचा भत्ता पुरे. पण सुट्टीच्या दिवशी त्याच शिक्षकाला बोलावले तर तो दिवस त्याचा असतो आणि त्याची किंमत आपण ठरवून मोकळे होऊ शकत नाही. १९५४ मध्ये शालेय खेळांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, तेव्हापासून या देशातील शालेय स्पर्धा मुख्यतः शिक्षकांच्या खांद्यावर उभ्या आहेत. तो खांदा गृहीत धरू नये, एवढेच माझे म्हणणे.

सारांशाने नियम असा करता येईल. ज्या स्पर्धेत कोणालाही पैसा मिळतो, तेथे पंचालाही मिळावा. तो दर आधी ठरलेला आणि जाहीर असावा. सामन्याच्या निकालाशी त्याचा संबंध नसावा. रक्कम यजमान संघाने पाकिटात घालून हाती न देता पंच नेमणाऱ्या संघटनेमार्फत द्यावी आणि तिची पावती असावी. त्याबरोबरच पंचाची दर काही वर्षांनी परीक्षा व्हावी आणि कामाचे मूल्यमापन व्हावे. कारण जो मोबदला घेतो त्याने उत्तरही दिले पाहिजे. नवशिक्यांकडून परीक्षेचे शुल्क घेऊ नये, निदान जो पुढे ठरावीक सामने करील त्याचे ते परत करावे. एवढे करूनही ज्याला आपले मानधन नको असेल, त्याने ते शाळेच्या क्रीडानिधीला द्यावे. आधी हातात आलेली वस्तू सोडणे म्हणजे दान. जे दिलेच नाही, त्याच्या त्यागाचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण मोठे खेळाडू होतील. पण खेळावर प्रेम असलेले पुष्कळ जण पंच होऊ शकतील आणि खेळाला त्यांची गरज आहे. ती वाट तुम्हाला परवडावी, हे पाहणे आम्हा वडीलधाऱ्यांचे काम आहे. म्हणून या शाळेच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वार्षिक स्पर्धेचे अंदाजपत्रक लिहिताना ‘पंच’ हा शब्द तळाच्या ‘वगैरे’तून काढून पहिल्या ओळीत लिहावा, त्याच्यापुढे रक्कम मांडावी आणि उरलेल्या पैशांत मंडप बसवावा. मंडप थोडा लहान झाला तरी चालेल; खेळ उन्हातही होतो, पंचावाचून होत नाही.